दिव्यानीचा डूख

सावली गावाहून वैनगंगेच्या अंगाला निघालं की बराच वेळ धानाच्या बांध्या सोबतीला असतात, आणि मग एकाएकी येनाचं, म्हणजे ऐनाच्या झाडांचं, रान सुरू होतं. त्या रानाच्या तोंडाशी पत्रू ढिवराचं घर. पत्रू म्हणजे अगदी साधा गडी. उन्हाळ्यात नदीत जाळं टाकणार, पावसाळा लागला की येनाच्या झाडांवर कोशाच्या, टसर रेशमाच्या, अळ्या सोडणार, आणि कोणी दोन शब्द जास्त बोललं तर हसून सोडून देणार. बायको रुखमा थोडी तिखट, पण तिचा राग म्हणजे उतू जाणारं दूध; भांडं चुलीवरून उतरवलं की बसला खाली. आता अशा दोन माणसांच्या पोटी दिव्यानी कशी जन्माला आली, हे कोडं गावाला अजून सुटलेलं नाही.

कारण दिव्यानी डूख धरते. ती भांडत नाही, रडत नाही, आईकडे चुगली करत नाही. समोरच्याकडे एकदा नीट पाहून घेते आणि आपल्या कामाला लागते. समोरच्याला वाटतं, चला, मिटलं. तिथंच तो फसतो.

ती सातवीत होती तेव्हाची गोष्ट. वर्गात डोमा नावाचा किराणा दुकानदाराचा पोरगा होता, अंगानं भरलेला आणि तोंडाचा फाटका. दिव्यानी वर्गात शिरली की हा ओरडायचा, "सरका रे सरका, अळी आली, अंगावर चढंल!" पोरं खिदळायची. दिव्यानीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुस्तकात डोकं घातलं. आषाढ गेला, पोळा गेला, गणपती बसले. शाळेच्या पोरांचं नाटक ठरलं आणि त्यात डोमा झाला राजा. मामाकडून खास फेटा आणला होता त्यानं, लाल, जरीचा. नाटकाच्या दिवशी दिव्यानीनं कोशातून नुकतीच निघालेली एक मादी त्या फेट्याच्या घडीत हळूच बसवून दिली.

कोशाची मादी मोठी आळशी. तळहाताएवढे पंख असून उडायचं नाव घेत नाही. बसल्या जागी एक वास सोडते. माणसाला तो येत नाही, पण रानातल्या नराला पार कुठून कुठून येतो आणि तो वाऱ्यावर स्वार होऊन निघतो. दिवेलागण झाली, पडदा सरकला, राजा आसनावर बसला आणि छाती फुगवून म्हणाला, "कोण आहे रे तिकडे?" तर तिकडून आलं एक तपकिरी पाखरू आणि बसलं राजाच्या डोक्यावर. मागून दुसरं आलं. मग तर रीघच लागली. प्रधान पळाला, राणी किंचाळली, आणि राजा फेटा फेकून मंडपाच्या कनातीखालून जो बाहेर गेला तो थेट दुकानाच्या फळीमागे.

मास्तरांनी चौकशी केली. दिव्यानी पहिल्या रांगेत बसून फुटाणे खात होती. पण पत्रूला आपलं पाखरू ओळखू येणार नाही तर कोणाला?

"त्या मादीले तू नेलं तिथी?" घरी आल्यावर त्यानं विचारलं.

"हाव."

"अवो, पन काऊन?"

"त्यानं मले अळी म्हनलं."

"ते तं आषाढात म्हनलं होतं!"

"मंग? आषाढातलं आता जुनं झालं काय?"

पत्रूनं कपाळाला हात लावला. पण त्याच रात्री दिव्यानीच्या डोक्यात दुसराच किडा शिरला. एवढ्या दुरून नराला वास येतो, म्हणजे त्याचं नाक केवढं असेल? पाखराला नाक तर दिसत नाही. विज्ञानाच्या मास्तरांनी सांगितलं, त्याच्या डोक्यावर पिसासारख्या मिशा असतात, तेच त्याचं नाक. एवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. मिशीत काय असतं? ते कोण बनवतं? अशी विचारत विचारत ती बारावी झाली, चंद्रपूरला बी.एस्सी. झाली आणि आणखी शिकायचं म्हणू लागली.

तेव्हा मनकर्णा आत्या आडवी आली. "पोरीले का त्या पुस्तकाईसंग लगन लावून देतं काय रे पत्रू?" असं चारचौघांत म्हणाली. दिव्यानीनं आत्याकडे पाहिलं. मग त्या सुट्टीत रोज दुपारी, आत्याचा डोळा लागायची वेळ झाली की ही तिच्या ओसरीवर जाऊन बसायची आणि जीवशास्त्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचायची. आत्या म्हणायची, "घरी वाच नं वो." ही म्हणायची, "तुमच्या ओसरीवर गार वाटते आत्या." शेवटी आत्याच पत्रूकडे आली, डोळे तांबडे, आणि म्हणाली, "बापा, इले शिकाले पाठव कुठी. दूर पाठव. लई दूर."

अशी दिव्यानी नागपूरच्या एका संशोधन संस्थेत पोचली.

तिथं प्रफुल किन्हेकर नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे चंद्रपूरचेच. गोरेपान, मृदू बोलणारे, पाठीवरून हात फिरवल्यासारखं बोलून काम करून घेणारे. "आपल्या भागातली मुलगी आहे, माझ्याकडेच करू दे पीएच.डी.," म्हणाले. दिव्यानीला बरं वाटलं. परक्या शहरात कोणी 'आपल्या भागातली' म्हणालं की माणूस निम्मा विरघळतो.

तिचं काम काय होतं, ते गावाला समजावताना तिनं एक सोपी रीत काढली होती. ती म्हणायची, जीव कोणताही घ्या, त्याच्या पेशीत जनुकं असतात, आणि जनुकांची भावकी असते. एका मूळ पुरुषाची दोन पोरं वेगळी निघतात, एका घराची दोन घरं होतात. कुठं एखाद्याला मूलबाळ होत नाही, घर बुजतं. आपल्या गावात एका आडनावाची सात घरं, शेजारच्या गावात तीन, आणि सिरोंच्याकडे गेलेल्यांचं एक. मग जुन्या गावठाणात, जिथून सगळे पांगले, तिथं किती घरं असतील? कोणी पाहिलेलं नाही. पण गावं कोणत्या क्रमानं पांगली ते ठाऊक असलं तर हिशेब बसवता येतो. घरं फुटायचा एक वेग धरायचा, बुजायचा एक वेग धरायचा, आणि संगणकाला विचारायचं, की हे वेग खरे असले तर आज दिसतात तेवढी घरं दिसायची शक्यता किती? नाही जमलं तर वेग बदलायचे आणि पुन्हा विचारायचं. असं करत करत जो वेग बसतो तो बसतो. मग एखाद्या गावात घरं एकदम वाढलेली दिसली, की समजायचं, इथं काहीतरी घडलं.

गावांच्या जागी तिनं धरले होते पतंग. तुतीचा रेशीमकिडा, एरंडीचा, आणखी देशोदेशीचे, आणि त्यात आपला येनावरचा कोसा. आडनावं म्हणजे जनुकांची कुळं. त्यात तिचं लाडकं कुळ वास ओळखणाऱ्या जनुकांचं. बाकी पतंगांची जनुकं आधीच वाचून ठेवलेली होती, कोशाची वाचायची होती. त्यासाठी तिनं पत्रूला स्पिरिटची एक बाटली दिली आणि सांगितलं, "बाबा, एक नर घेजा. पंख काढजा, अंगाचे बारीक तुकडे करून यात टाकजा." पत्रूनं बाटली भरून सावलीच्या स्टँडवर आणून दिली. तिनं ती प्रयोगशाळेत नेली. जनुकं वाचून आली आणि आकडे संगणकात चढले.

पहिल्याच मांडणीत, पतंगांच्या वंशवृक्षात, कोशाच्या फांदीवर वास ओळखणारी घरं फुटायचा वेग आभाळाला टेकलेला दिसला. एवढं मोठं कुळ दुसऱ्या कोणत्याच पतंगात नव्हतं. दिव्यानी किन्हेकरांना म्हणाली, "सर, हे जरा जास्तच वाटतं. अजून तपासणी बाकी आहे." किन्हेकर म्हणाले, "तपास, तपास. सावकाश तपास. तोवर आकडे माझ्याकडे पाठवून ठेव, आपल्यातच राहतील."

ती सावकाश तपासत बसली. आणि एक दिवस पत्रूचाच फोन आला, आनंदानं फुटायच्या बेतात.

"अवो, आपला कोसा पेपरात आला! जगातलं सगळ्यात तेज नाक म्हने आपल्या पाखराचं! सरपंचानं वाचून दाखवलं. पन..."

"पन काय?"

"तुह्यं नाव कुठी आहे? सरपंच म्हने, किन्हेकर साहेबाचं आहे अन् त्याच्या दोन दोस्तांचं. मी म्हनलं, खालतं कुठी आसंल, बारीक अक्षरात. पाह्य बरं."

तिनं मूळ लेख काढून पाहिला. खालीही नव्हतं. तिच्या मांडणीचे आलेख होते, तिनं निवडलेले रंग तसेच होते, तिची वाक्यं होती. आभार मानले होते संचालकांचे. आणि नमुन्याबद्दल लिहिलं होतं, "मुख्य लेखकाने स्वतः जंगलात फिरून गोळा केलेला एकच नर."

ती किन्हेकरांच्या खोलीत गेली. ते चहा पीत होते.

"बस गं. रागावलीस ना? मला ठाऊक होतं." ते हसले. "हे बघ, घाई करावी लागली. दुसरं कोणी छापलं असतं. तुझ्या प्रबंधात आहेच की हे सगळं. पुढच्या वर्षी डॉक्टर होशील, सही मीच करणार आहे. आणि वडिलांचं म्हणशील, तर त्यांचं नाव घातलं असतं तर वनखात्याच्या परवानग्या वगैरे, उगाच त्यांना त्रास. त्यांना काय करायचंय नावाचं?"

दिव्यानीनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. "बरोबर आहे सर," म्हणाली आणि आपल्या टेबलावर येऊन कामाला लागली.

किन्हेकरांना वाटलं, मिटलं.

तिनं अर्धी राहिलेली तपासणी हाती घेतली. काही कुळं अशी असतात की प्रत्येक जिवात त्यांचं एकच घर असतं. ती वाढली तरी जीवाला पेलवत नाहीत, बुजली तरी नाही. गावागणिक एक पोलीस पाटील असावा तशी. तिनं कोशातली ही एकांडी कुळं मोजली. सगळी दोन-दोन! एका गावाला दोन पाटील, दोन कोतवाल? याचा अर्थ घरं वाढलीच नव्हती, मोजणीच दुप्पट झाली होती. जगातलं सगळ्यात तेज नाक वगैरे काही नव्हतं. बाटलीत एकाहून जास्त जीव होते.

मग तिला आणखी एक तुकडा सापडला आणि ती खुर्चीत मागे रेलून हसली. बहुतेक पतंगांमध्ये मादीजवळ एक बारकंसं गुणसूत्र असतं, नराजवळ ते कधीच नसतं. किन्हेकरांच्या 'एकच नर' मध्ये ते चांगलं ऐटीत बसलं होतं.

ती पहिल्या गाडीनं गावी आली. तेव्हा अळ्या झाडांवर होत्या आणि पत्रू रानात राहत होता. ढिवरांची ही जुनी रीत. अळ्या झाडावर चढल्या की कोसे उतरेपर्यंत माणसानं घरी यायचं नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, दाढी करायची नाही, मासळी खायची नाही, कोणाला शिवायचं नाही. झाडांभोवती बांबूच्या काड्यांची हद्द घातलेली असते. दिव्यानी हद्दीच्या बाहेर दगडावर बसली, रुखमा डबा घेऊन तिच्या बाजूला. आत पत्रू गुलेल घेऊन अळ्या टिपणारे पक्षी हाकत होता, दाढी वाढलेली, जोगड्यासारखा.

"बाबा, त्या बाटलीत काय टाकलं होतं तुमी?"

"नर टाकला नं. तूच तं सांगितलं होतं."

"एकटाच?"

पत्रूनं गुलेल खाली केली. "एकटा कसा टाकीन वो? पहाटे जोडी लागली होती त्याची. जोडी तोडाची नसते. एकाले मारलं अन् दुसरीले ठेवलं तं सारं पीक बसते. मह्या बापानं कधी तोडली नाई, मी कशी तोडू? दोघाईले सोबत टाकलं. वरून आनखी चांगलंच नं? तुले जास्त भेटलं."

दिव्यानीनं बापासारखाच कपाळाला हात लावला. रुखमानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काऊन वो? काई चुकलं काय यायचं?"

मग तिनं सगळं समजावलं. दोन जीव एका बाटलीत गेले, दोघांची घरं एका गावची म्हणून मोजली गेली, आणि पेपरात आलं ते सगळं खोटं निघालं. पत्रू ऐकत हळूहळू खाली बसला. त्यानं अख्ख्या गावाला, नदीपलीकडच्या सोयऱ्यांनासुद्धा सांगितलं होतं.

"म्हनजे मह्यामुळं झालं," तो म्हणाला.

"तुमच्यामुळं काऊन? मी विचारलं नाई, ते मही चूक. पन त्यानं तं छापलं. त्यानं लिवलं आहे, मी स्वतः पकडला, एकच नर पकडला. तुमचं नाव काढून टाकलं नं त्यानं? मंग आता ही बाटलीबी त्याचीच."

पत्रूच्या वाढलेल्या दाढीत काहीतरी हललं. हसू होतं की काय, सांगता येत नाही.

"पीक उतरलं की चंद्रपूरले मोठी सभा आहे," दिव्यानी म्हणाली. "त्याचा सत्कार आहे, भाषन आहे. तिथी उभी राह्यतो मी."

"अन् तुह्या त्या पोथीचं काय?" रुखमानं विचारलं. प्रबंधाला ती पोथी म्हणायची. "त्यातबी हेच पाखरू आहे नं?"

"आहे. तेबी जाते."

"सारंच?"

"जे कोशावर उभं आहे ते सारं. म्हनजे बहुतेक सारंच."

"अवो बाई, मंग आधी डिग्री घे! सही होऊ दे त्याची. मंग काय करायचं ते कर. तो का पळून जाते?"

"खोट्यावर घेतलेली डिग्री अन् त्याचीच सही, माय? मंग त्याच्या अन् मह्यात फरक काय? तोबी म्हनंल, हिले ठाऊक होतं, पन सही होईस्तोवर चूप बसली."

रुखमानं डबा जोरात हद्दीच्या आत सरकवला, शिवू नये एवढी काळजी घेऊन, आणि म्हणाली, "बापाची अक्कल अन् मामाचा हट, दोनी तुह्यातच उतरले."

पत्रू इतकंच म्हणाला, "मी येतो सभेले. मह्यं नाव तिथी निंगालं तं निंगू दे. लाज काय त्यात, जोडी नाई तोडली हे खरं आहे."

कोसे उतरले. पत्रूनं दाढी केली, डोक्याला तेल चोपडलं, लग्नातला कोट काढला आणि लेकीसोबत एसटीनं चंद्रपूरला गेला.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मान्यवर, मागे कॉलेजची पोरं, अध्यक्षस्थानी हैदराबादहून आलेल्या एक वयस्क शास्त्रज्ञ बाई. किन्हेकरांना शाल-श्रीफळ मिळालं. मग ते बोलले, आणि काय गोड बोलले! पहाटेचं जंगल, पायाखालचा पाचोळा, आपण एकटेच वाट तुडवत गेलो आणि येनाच्या फांदीवर तो नर दिसला. मागच्या रांगेत पत्रू ऐकता ऐकता हळूच म्हणाला, "इतकं तं मी बी नाई फिरलो वो." दिव्यानीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

प्रश्न विचारायची वेळ झाली. तिनं हात वर केला.

"बोल दिव्यानी," किन्हेकर मायेनं म्हणाले. आणि सभेला सांगितलं, "ही आमची विद्यार्थिनी. आपल्याच भागातली."

"सर, नमुना कोणी गोळा केला?"

"आत्ताच सांगितलं. मी."

"किती पतंग होते?"

"एक."

"नर की मादी?"

"नर. लेखात लिहिलेलं आहे." ते हसले. "नर-मादी ओळखायला मी चुकेन असं वाटतं का तुला?" सभाही हसली.

"नाही सर. म्हणूनच विचारते. त्या एका नरात मादीचं गुणसूत्र कसं आलं?"

हसू थांबलं. अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "पुन्हा सांग बेटा, सगळ्यांना ऐकू येईल असं."

दिव्यानीनं सांगितलं. घाई नाही, आवाज चढवला नाही. प्रत्येक जिवात एकेकच असणारी कुळं या नमुन्यात दोन-दोन आहेत, म्हणजे बाटलीत एक जीव नव्हता. मादीचा तुकडा आहे, म्हणजे सगळे नर नव्हते. त्यामुळे वासाच्या जनुकांची वाढ खरी नाही, मोजणी दुप्पट आहे, आणि वेगाचा सगळा हिशेब त्यावरच बसवलेला आहे. "माझ्या प्रबंधातही तेच आकडे आहेत," ती म्हणाली. "तो मी आता सादर करणार नाही. लेखाचं काय करायचं ते सरांनी सांगावं, कारण पतंग त्यांनी स्वतः पकडला होता."

अध्यक्षबाई किन्हेकरांकडे वळल्या. "डॉक्टर, एकच नर होता?"

किन्हेकरांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच ठेवला. "तसं... प्रत्यक्षात नमुना एका स्थानिक माणसाकडून आला होता."

"पण तुम्ही आत्ता जंगलाचं वर्णन केलंत."

"ते... एकूण अनुभवाबद्दल बोललो. नमुना त्यानं दिला. त्याच्या अडाणीपणामुळे..."

"कोण माणूस?"

किन्हेकर समोरचे कागद सारखे करू लागले.

"नाव काय त्यांचं?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"पत्रू," किन्हेकर म्हणाले. माईक चालू होता. नाव भिंतीला आपटून परत आलं. "हिचेच वडील."

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि कोटातला पत्रू उभा राहिला. सगळ्या माना वळल्या. "मीच जी तो," तो म्हणाला. "नर अन् मादी, दोघाईले टाकलं होतं. पहाटेची जोडी होती, तोडता येत नाई. साहेबानं एक डाव मले विचारलं असतं तं सांगितलं असतं जी. पन साहेब कधी आलेच नाई तिथी."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सभा कुजबुजली फक्त, पण ती कुजबुज टाळ्यांपेक्षा वाईट होती. किन्हेकरांनी शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली, कोणी मागायच्या आतच. बाहेर पडताना अध्यक्षबाई दिव्यानीला म्हणाल्या, "प्रबंध नव्यानं करावा लागेल तुला. माझ्याकडे अर्ज कर. जागा मिळेलच असं नाही सांगत, पण अर्ज कर."

परतीच्या एसटीत मूल गावाच्या अलीकडे फोन वाजला. किन्हेकर होते. दिव्यानीनं पत्रूला ऐकू जावं म्हणून आवाज वाढवला.

"दिव्यानी, जे झालं ते झालं. आपण सगळे मिळून दुरुस्ती छापू. तुझं नाव पहिलं घालतो. वडिलांचंही घालतो. आणि तुझा प्रबंध, त्यातला कोशाचा भाग काढून टाक, बाकीच्यावर मी या आठवड्यात सही करतो. मुदत वाढवायचीसुद्धा गरज नाही. बोल."

पत्रू एकदम ताठ बसला. त्यानं लेकीकडे पाहून जोरजोरात मान हलवली, हो म्हण, हो म्हण.

"सर," दिव्यानी म्हणाली, "लेखावर आमची नावं नव्हती."

"म्हणूनच तर घालतोय!"

"लेखावर नव्हती, तर दुरुस्तीवर कशाला? नमुना मी स्वतः गोळा केला, असं तुम्ही लिहिलं होतं. चूकही तुम्ही स्वतःच केली, असं लिहा. एकट्याच्या सहीनं. मी फक्त वाचीन."

 मग किन्हेकर वेगळ्याच आवाजात म्हणाले, "माझ्याशिवाय तुला कोण डिग्री देतं तेच बघतो." आणि फोन बंद झाला.

"कायले एवढं ताणतं वो?" पत्रू कळवळून म्हणाला. "देऊन राह्यला होता नं तो! मह्यं नावबी टाकत होता."

"चुकीच्या कागदावर टाकत होता, बाबा."

"आता आनखी किती वर्सं?"

"लागतीन."

मूलला गाडी थांबली. दिव्यानी उतरली, गरम आलूबोंडे घेऊन आली आणि खिडकीशी बसून तिनं मन लावून खाल्ले, पत्रूच्या वाट्याचा एकसुद्धा. हात पुसून तिनं पुन्हा फोन काढला. पत्रूला आशा वाटली, पोरगी नरमली, साहेबाला फोन लावते बहुतेक. त्यानं वाकून पाहिलं. पडद्यावर किन्हेकरांचा लेख होता, जसाच्या तसा.

"काय पाह्यतं?"

"मागं घेतला काय ते पाह्यतो."

"अवो, आत्ता तं सभा झाली! एवढ्या लौकर कसा घेईन तो?"

"आज नाई घेतला तं उद्या पाहीन," ती म्हणाली. गाडी सावलीच्या रस्त्याला लागली होती, आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी टवटवीत दिसत होता. "परवाबी पाहीन. त्याची एकट्याची सही दिसेस्तोवर रोज पाहीन."